हुश्शचं विरजण

लिफ्ट तळमजल्यावर आली, दार उघडलं, ऋजुता बाहेर पडली आणि पुष्कर आतच उभा राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. गॅस बंद केला ना गं आपण?"

प्रश्न साधाच होता, कुठल्याही घरात कुठल्याही नवऱ्याच्या तोंडून निघेल असा. पण या घरात तो वर्षभरात एकदाही निघाला नव्हता.

"केला. मी स्वतः केला."

"हो, बघितलं मी तुला करताना," पुष्कर म्हणाला, ओशाळं हसला आणि त्याने पुन्हा वरचं बटण दाबलं.

आता हा पुष्कर सबनीस म्हणजे कुणी वेडा माणूस नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. इमारतींचे नकाशे काढायचा. त्याच्या नकाशातली भिंत बोटभरही इकडची तिकडे व्हायची नाही. लग्न झालं तेव्हा ऋजुताला वाटलं होतं, काय टापटिपीचा नवरा मिळालाय! मग हळूहळू कळलं की याला कडी लावल्याचं समाधान म्हणून नाही. गॅसचं नाही, नळाचं नाही. रस्त्याचं तर मुळीच नाही. गाडीला खड्डा लागला की याला वाटायचं, कुणीतरी चाकाखाली आलं. गाडी वळवायची, खड्ड्यापाशी जायचं, उतरून बघायचं. रस्ता रिकामा. निघायचं, की लगेच मनात यायचं, आता वळवताना मागे कुणी पोर तर नव्हतं? की पुन्हा मागे. माहेरच्या बारशाला निघालेली ऋजुता पाळणा संपल्यावर पोचायची. माहेरचे लोक आधी हसायचे, पुढेपुढे हसेनासे झाले.

गाड्यांना चहूबाजूंनी कॅमेरे आले, पुढे तर गाड्या आपल्याआपण चालायला लागल्या, तेव्हा तिला वाटलं, सुटलो बुवा. कसलं काय! पुष्कर घरी येऊन ते चित्रण लावून बसायचा. रस्ता, खड्डा, पुढे रस्ता. पुन्हा मागे घेऊन रस्ता, खड्डा, रस्ता.

"अरे, दिसतंय ना कुणी नाही ते?"

"दिसतंय गं. पण आत पटत नाही त्याला मी काय करू?" असं म्हणताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्याला स्वतःचीच चीड यायची आणि तिला त्याची कीव. कधीकधी उलटंही व्हायचं.

गोम तिथेच होती. एखादी गोष्ट कळणं आणि ती कळल्याची खात्री वाटणं, ही मेंदूची दोन निरनिराळी कामं आहेत. कडी लागली हे डोळे सांगतात. पण "झालं, आता पुढे चल" हा निरोप मेंदूच्या खोलात असलेल्या पेशींचं एक वेगळंच मंडळ देतं. तुमच्याआमच्या डोक्यात तो इतका चोख येतो की आलेला कळतसुद्धा नाही. पुष्करच्या डोक्यात तो निघायचा आणि वाटेतच विरायचा. मग पुरावे कितीही दाखवा, माणूस दाराशी उभाच. पुष्करच्या डॉक्टर हिंगमिरे बाईंनी ऋजुताला नियम घालून दिला होता. तो काही विचारेल त्याचं उत्तर एकदाच द्यायचं. दुसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, "तुला काय वाटतं?" कारण प्रत्येक उत्तराने शंकेचं पोट भरतं आणि ती जास्तच मागते. हा नियम बोलायला सोपा होता. पाळताना जीव नकोसा व्हायचा.

ऋजुता औषधरसायनांची शास्त्रज्ञ. पुण्याच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मेंदूवर काम करणारी संयुगं घडवायची. तिने हा निरोपच हातात घ्यायचा ठरवलं. त्या मंडळातल्या पेशींवर एक प्रथिन असतं, त्याच्या खोबणीत नेमका बसेल असा रेणू हवा होता. संगणकाने हजारो रेणू कल्पून दाखवले. कल्पायला त्याचं काय जातं! त्यातले कितीतरी काचेच्या चंबूत करताच येईनात. जे झाले ते रक्तातून मेंदूत शिरेनात, वेशीवरूनच परत फिरले. जे शिरले त्यांनी उंदरांना झोपवून टाकलं. ऋजुताच्या नाकी नऊ आले. आणि मग एक रेणू असा निघाला की उंदीर भिंत हुंगायचा, एकदा हुंगायचा, आणि पुढे चालू लागायचा.

त्याला कागदोपत्री लांबलचक क्रमांक होता. प्रयोगशाळेत सगळे त्याला "हुश्श" म्हणायचे.

माणसांवरच्या चाचणीत हिंगमिरे बाईंनी पुष्करचं नाव घातलं. बायकोचंच औषध म्हणून ऋजुताला त्या कामातून नियमानुसार दूर ठेवलं होतं. तिला घरात जे दिसेल तेवढंच दिसत होतं. आणि एका सकाळी तिला दिसलं की पुष्करने कडी लावली, पायात चपला सरकवल्या आणि शीळ घालत जिना उतरला. ती दारातच बसून रडली. पुढचं वर्षभर दोघं कुठेकुठे फिरली! कुठेच मागे वळली नाहीत.

आणि आता हे. गॅस.

आठवडाभरात कडी आली, नळ आला. दुसऱ्या गावांतल्या रुग्णांच्याही तक्रारी आल्या. इचलकरंजीची प्राची, जी उत्तरपत्रिकेतलं प्रत्येक वाक्य खोडून पुन्हा लिहायची आणि हुश्शमुळे पहिल्यांदा पूर्ण पेपर सोडवून आली होती, तिने कॉलेजला जायचं बंद केलं.

"गोळ्यांचा नवीन घाणा खराब आहे," ऋजुता बोराटेसरांना म्हणाली. बोराटे म्हणजे तिचे वरिष्ठ, तोंडाने फटकळ आणि मनाने बरे.

"खराब नाही, मॅडम. शुद्धता बघा, पहिल्यापेक्षा जास्त आहे. रेणू तोच. पण गोळी पोटात जाते तशीच पुढे जाते. विरघळतच नाही."

ऋजुताने नव्या घाण्यातली चिमूटभर भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली घातली. पहिल्या घाण्यातले स्फटिक बारीक सुयांसारखे होते. हे आखूड, जाड, चौकोनी होते. हे चौकोनी दाणे तिने आधी पाहिले होते.

रसायनात ही एक खोडी असते. रेणू तोच, पण तो स्फटिकात दोन तऱ्हांनी रचला जाऊ शकतो. एका रचनेत रेणू सैल बसतात, पोटात गेले की चटकन सुटे होतात. दुसरीत ते घट्ट बसतात आणि सुटायचं नाव घेत नाहीत. घट्ट रचना एकदा का कुठे जन्मली की तिचा डोळ्याला न दिसणारा एखादा कणसुद्धा विरजणासारखा वागतो. पातेलंभर दुधाला चमचाभर विरजण पुरतं, तसा तो एक कण अख्ख्या टाकीला आपल्या वळणावर नेतो. मग तिथे पहिली रचना काही केल्या पुन्हा होत नाही. कण हवेत असतो, कपड्यांवर असतो, केसांत असतो. टाक्या धुवा, भिंती धुवा, तो जात नाही.

ते विरजण कंपनीच्या कुरकुंभच्या कारखान्यात, जिथे हुश्शचे घाणे निघायचे, कुणी नेलं होतं?

ऋजुतानेच नेलं होतं. गेल्या खंडेनवमीला, नवा घाणा निघायच्या आधी. नवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. टाक्यांना झेंडूच्या माळा, पंपांना हळदकुंकू, तराजूपुढे नारळ. त्या वर्षी कामगारांनी आग्रह धरला होता, "मॅडम, ज्या चंबूत हुश्श पयल्यांदा झालं, तो आणा की पूजेला!" तिलाही ते फार गोड वाटलं होतं. त्याच्या चारच दिवस आधी त्या चंबूच्या तळाशी काही चौकोनी दाणे धरले होते. कचरा असेल म्हणून तिने ते खरवडले, चंबू धुतला, रेशमी रुमालात गुंडाळला आणि कुरकुंभला नेऊन मोठ्या टाकीच्या उघड्या तोंडाशी पाटावर ठेवला. वर अक्षता वाहिल्या. हात जोडले.

"धुतला होता हो मी," ती बोराट्यांना म्हणाली. तिने डोळे पुसले.

"पाया पडायला मीच पुढं होतो," बोराटे म्हणाले. "आता रडून काय होणार? पहिल्या घाण्यातलं काही शिल्लक आहे का कुठं? एक गोळी? एक कण?"

नव्हतं. गोळ्या संपल्या होत्या. नमुने याच इमारतीत उघडले गेले होते आणि बाटल्यांतल्या बाटल्यांत पालटले होते. साताऱ्यात रेश्मा तांबोळीची प्रयोगशाळा होती, ऋजुताची कॉलेजातली मैत्रीण. हुश्श तिथे कधी गेलंच नव्हतं, म्हणजे ती जागा स्वच्छ होती. कंपनी तिला काम द्यायला तयार होती. रेणूचं द्रावण ती स्वतः घडवू शकत होती, पण विरजणच नसेल तर ती तरी काय करणार? पहिल्या वेळी नशिबाने सैल रचना आधी धरली होती, एरवी घट्टच धरायची. महिनाअखेरपर्यंत काही निघालं नाही तर प्रकल्प गुंडाळायचा, असं वरून सांगून झालं होतं.

घरी येऊन ऋजुताने सगळं पुष्करला सांगून टाकलं. लपवून ठेवायची तिच्यात ताकदच नव्हती. तो नळाशी उभा होता, हात धुऊन झाले होते आणि तोटीवरून बोट निघत नव्हतं.

"म्हणजे तुझ्यामुळे झालं?"

"हो."

"मुद्दाम नाही केलंस."

"नाही रे."

त्याने तोटी आणखी एकदा आवळली. मग एकदम म्हणाला, "लेमन सेट."

"काय?"

"आत्याने लग्नात दिलेला लेमन सेट. माळ्यावर. त्याच्या खोक्यात एक पट्टी आहे."

चाचणीच्या पहिल्याच दिवशी, पहिली गोळी घ्यायच्या आधी, त्याला घोर लागला होता की गोळ्या हरवल्या तर? तिथल्या नर्सच्या मागे लागून त्याने जास्तीची एक पट्टी घेतली होती. पिशवीत पिशवी, तिच्यावर पिशवी, प्रत्येक पिशवीला चिकटपट्टी, असं करत तिचं पार बोचकं बांधलं होतं आणि घरात कधीच न उघडलं जाणारं एकमेव खोकं शोधून त्यात दडवलं होतं. मग औषध लागू पडलं, घोर गेला आणि पट्टीही विसरली.

ऋजुता स्टुलावर चढायला धावली.

"हात लावू नकोस!" पुष्कर ओरडला. "तू नको. तुझ्या केसांत ते असेल."

तिने हात मागे घेतले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याची शंका तिला पहिल्यांदाच शंभर टक्के बरोबर वाटली.

पुष्करनेच चढून खोकं काढलं. पट्टी निघाली, सीलबंद. दोघं तिच्याकडे बघत बसली. पुष्करला जवळजवळ महिनाभर पुरेल इतकी शांती त्या चकाकत्या कागदात होती. किंवा रेश्माच्या टाकीला पुरेल एवढं विरजण. एका गोळीत हुश्श कणभर आणि भरावच फार, म्हणून खात्रीचं विरजण काढायला जवळजवळ अख्खी पट्टी लागणार होती.

"एक घेऊ?" त्याने विचारलं. लहान मुलाने विचारावं तसं.

तिला नाही म्हणवलं नाही. एक गोळी गेली तरी बाकीच्या आपापल्या घरात बंदच होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्करने एकदाच कडी लावली, चहा केला, खुर्चीत रेलून बसला आणि म्हणाला, "देऊन टाकू. त्यात विचार काय करायचाय? प्राचीला लागेल, बाकीच्यांना लागेल. मला सहा-आठ महिने त्रास होईल, होऊ दे."

किती सहज!

"पुष्कर, हे तू म्हणतोयस की गोळी?"

"मीच की."

"गोळीने खात्री वाटते. तुला आत्ता काहीही विचारलं तरी खात्रीच वाटणार. हे असलं 'हो' मला नको. उतरू दे आधी."

"आणि उतरल्यावर नाही म्हणालो तर?"

"तर तुझी पट्टी आहे. तू घे." ती ते मनापासून म्हणाली होती आणि त्याने नाही म्हणावं असंही तिच्यातल्या बायकोला अगदी मनापासून वाटत होतं.

गोळी उतरली. पुष्कर पुन्हा दाराशी, नळाशी, खिडकीशी. दोन दिवस त्याने पट्टीचा विषयच काढला नाही. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता ताट सारलं आणि म्हणाला, "नको. मला ती पट्टी पाहिजे. मी काय सगळ्यांचा मक्ता घेतलाय? तू केलंस, तू निस्तर."

"बरं," ती म्हणाली. तिला राग आला, लाज वाटली, सुटल्यासारखंही वाटलं, सगळं एकदमच.

तो उठला, घरभर फेऱ्या घालू लागला. गॅलरीत, स्वयंपाकघरात, पुन्हा गॅलरीत. तीही मागोमाग उठली, कारण बसवेना. किती वेळ गेला कोण जाणे. मग तो थांबला.

"ती प्राची आता काय करते?"

"घरी असते. पाटी-पेन्सिल घेऊन बसते म्हणे. खोडायला सोपं जातं म्हणून."

पुष्करने डोळे घट्ट मिटले. "मला खात्री नाहीये, ऋजुता. जराही नाही. मला वाटतंय मी चूक करतोय आणि उद्या मला पश्चात्ताप होणार. पण गाडी बोलाव."

चाचणीतलं औषध परत करायचं तर ते रुग्णाने स्वतःच्या हाताने द्यायचं, असा नियम. आणि रेश्माने बजावलं होतं, "अगं, कुणालाही पाठव, पण तू फाटकाच्या जवळपाससुद्धा फिरकू नकोस." तेव्हा पुष्करलाच जायचं होतं आणि एकट्याने जायचं होतं. त्याने चोळूनचोळून अंघोळ केली, दुकानातून थेट आलेले नवे कपडे चढवले, पुन्हा बांधलेलं बोचकं मांडीवर घेतलं आणि आपोआप चालणाऱ्या भाड्याच्या गाडीत बसला. ऋजुता गॅलरीतून बघत होती. खाली जाऊन त्याला साधा हात लावता आला नाही याचं तिला फार वाईट वाटलं.

मग ती फोनवरच्या नकाशात त्याच्या गाडीचा ठिपका बघत बसली.

ठिपका कात्रजला गेला. खेड शिवापूरला गेला. तिथे थांबला आणि मागे वळला. ऋजुता ताडकन उठली. माणूस ड्रायव्हर असता तर म्हणाला असता, "साहेब, काही नव्हतं हो, चला!" ही गाडी मात्र परम आज्ञाधारक. मागे वळ म्हटलं की वळणार, पुन्हा म्हटलं की पुन्हा वळणार, ना कंटाळणार ना चिडणार. असला सोबती पुष्करला म्हणजे विषच. ठिपका पुढे निघाला. शिरवळला पुन्हा मागे. खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी तर तो असा हेलपाटत राहिला की तिला वाटलं, संपलं सगळं, हा आता घरीच येतो. फोन करावा? "कुणी आलं नाही रे चाकाखाली, जा पुढे," म्हणावं? तिने नंबर काढला, ठेवला, काढला, ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद आहे का बघून आली. पुन्हा बघून आली. मग आपण काय करतोय ते लक्षात येऊन तिचं तिलाच हसू आलं आणि रडूही आलं.

ठिपका घाट चढला. दुपार कलता कलता साताऱ्याला पोचला. आणि तिथे बराच वेळ नुसता उभा राहिला.

उन्हं उतरताना रेश्माचा फोन आला. ती ओरडतच होती. "लागलं गं! विरजण लागलं! सुया पडतायत, बारीक बारीक, पांढऱ्याशुभ्र! मी पाठवते चित्रं. आणि तुझा नवरा, बाई गं, फाटकाशी एकेक पिशवी उलगडायला किती वेळ! पण पट्टीवर धुळीचा कण नाही. पट्टी माझ्या हातात देऊन परत मागून घेतली, बघितली, पुन्हा दिली. तीन खेपा."

"आणि आता कुठे आहे?"

"केव्हाच निघाला की."

ऋजुताने फोनवर बोट सरकवलं. ठिपका परतीच्या वाटेवर होता. खंबाटकीच्या परतीच्या बोगद्याच्या अलीकडे तो थांबला. आता हा मागे फिरणार, रेश्माच्या फाटकाशी जाणार, दिली का मी, खरंच दिली का, विचारणार. ठिपका थांबलेलाच. सिग्नल असेल, वाहतूक असेल, चहा पीत असेल. नसेल. ती त्याला ओळखत होती.

ठिपका हलला. बोगद्यात शिरला, पलीकडे निघाला.

दिवेलागणी उलटून गेल्यावर दाराची बेल वाजली. पुष्करचा चेहरा उतरलेला होता, नव्या सदऱ्याला घामाचे डाग पडले होते. आत येऊन त्याने कडी लावली, ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली. ती बाजूला उभी राहिली. "चल आता," असं नेहमीसारखं म्हणाली नाही.

"दिली ना गं मी?" त्याने विचारलं.

"दिलीस. रेश्माचा फोन आला होता."

तो खुर्चीत बसला, बुटाची नाडी सोडू लागला आणि मधेच थांबला. "नक्की दिली ना? तीच पट्टी? रिकामी तर नव्हती?"

रेश्माने पाठवलेली चित्रं तिच्या हातातल्या फोनमध्येच होती. पांढऱ्याशुभ्र सुया, ढीगभर. दाखवता आली असती. पण पुरावे बघून याला कधी काय पटलं होतं? आणि नव्या गोळ्या यायला अजून कितीतरी महिने होते. ते सगळे महिने हे असेच जायचे होते. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली, सोडायची राहिलेली नाडी हातात घेतली आणि म्हणाली, "तुला काय वाटतं?"

पुष्करने दुसऱ्या बुटाची नाडी स्वतःच सोडली.

"मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "अजूनही नाही. पण बोगद्यापासून परत नाही फिरलो."